दीड माणसाचा हिशेब



बोधगया व सारनाथ पाहून झाल्यावर ज्या नवदीक्षित कुटुंबांच्या मनात श्रीलंकेच्या यात्रेचा विचार येतो, त्यांच्यासाठी हे चार शब्द आहेत.

विमान कटुनायके येथे उतरते आणि जवळच, कोलंबोच्या उत्तरेस, नेगोंबो हे समुद्रकाठचे गाव लागते. गावालगत अरुंद मुखाने समुद्राशी जोडलेले खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे; कोकणचा माणूस त्यास खाडीच म्हणेल. किनाऱ्यावर मासळी वाळत असते. येथील कोळी बहुतांशी कॅथलिक असून हा धर्म त्यांच्याकडे पोर्तुगीज अमदानीत आला. पुढे डच आले ते दालचिनीसाठी. त्यांच्या किल्ल्याच्या वेशीवर १६७८ हे साल असून आत आज तुरुंग आहे. म्हणजे बौद्ध देशातील आपले पहिले पाऊल चर्चच्या सावलीत पडते. हे योग्यच झाले असे मी मानतो. कारण कोणताही देश एकाच धर्माच्या लोकांचा नसतो, हा धडा यात्रेच्या आरंभीच मिळतो.

पुढे तुम्हांस या देशाच्या उत्पत्तीची कथा सांगण्यात येईल. ती ‘महावंस’ या पाली बखरीत आहे. सिंहाच्या वंशातील विजय नावाच्या राजपुत्राने प्रजेस छळले, म्हणून पित्याने त्यास सातशे सोबत्यांसह देशाबाहेर घालविले. त्याची नौका प्रथम सुप्पारक बंदरी, म्हणजे आपल्या सोपाऱ्यास लागली. तेथेही सोबत्यांच्या दांडगाईमुळे त्याला निघावे लागले. अखेर भगवंतांच्या महापरिनिर्वाणाच्या दिवशीच तो लंकेस पोहोचला. तेथे सूत कातीत बसलेल्या कुवेणी या यक्षिणीच्या साह्याने त्याने तिच्याच लोकांना मारून राज्य मिळविले. त्यानंतर मदुरेच्या राजकन्येशी विवाह करावयाचा म्हणून त्याने कुवेणीला घालवून दिले. ती आपल्या लोकांकडे परतली, तेथे मारली गेली. तिची दोन मुले डोंगरात पळाली.

वाचकहो, ही कथा ऐकून तुमची सहानुभूती कोणाकडे जाते? ज्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर लोटले गेले, त्यांना विजयाच्या सिंहासनापेक्षा डोंगरात पळालेली ती दोन मुले जवळची वाटावीत, यात नवल नाही. शिवाय, ज्या घटनेनंतर सुमारे हजार वर्षांनी बखर लिहिली गेली, त्या घटनेची ती साक्षीदार होऊ शकत नाही. वकिलीच्या भाषेत तिला ऐकीव पुरावा म्हणतात.

याचा अर्थ ही बखर टाकाऊ आहे असा नव्हे. शिलालेखांतील ‘पियदसी’ म्हणजे सम्राट अशोक, ही ओळख १८३७ मध्ये लंकेच्या पाली बखरींमुळेच पटली. परंतु याच ‘महावंसा’त दुट्ठगामणी राजाची कथा आहे. युद्धातील नरसंहाराने व्याकूळ झालेल्या राजाचे आठ अर्हत सांत्वन करतात: तू अवघी दीड माणसे मारलीस. एकाने त्रिशरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशील. उरलेले पशूंसमान होते. मी म्हणतो, हा हिशेब बुद्धाचा नव्हे. माणसास पशूहून हीन लेखण्याचा हिशेब आपण शतकानुशतके आपल्या अंगावर सोसला आहे. तो पाली भाषेत लिहिला म्हणून पवित्र होत नाही.

अशा हिशेबाचे फळ काय असते? १९८३ ते २००९ या काळात त्या देशाने सिंहली व तमिळ यांचे भीषण यादवी युद्ध पाहिले. २१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टरच्या प्रार्थनेच्या वेळी दुसऱ्या एका धर्मांधतेने नेगोंबोच्याच सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये शंभराहून अधिक जीव घेतले. मारेकऱ्यांचा धर्म निराळा, पण हिशेब तोच: परधर्मीय माणूस माणूस नव्हे. १२ जानेवारी २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हल्ला टाळण्यात कसूर केल्याबद्दल माजी राष्ट्राध्यक्षांसह वरिष्ठ अधिकाऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या निकालात प्रत्येक मृत माणूस पूर्ण एक मोजला गेला.

जातीपासूनही हा देश सुटलेला नाही. सियाम निकायाने उपसंपदा उच्च मानलेल्या गोविगम जातीपुरती राखली, तेव्हा दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतील भिक्खू ब्रह्मदेशात अमरपुरास गेले, १८०० मध्ये तेथे उपसंपदा घेतली आणि परतून अमरपुर निकाय स्थापिला. संघातही हक्क मागावा लागतो. तो मागणारे अधार्मिक ठरत नाहीत.

मग लंकेत वंदन कशाला करावे? महेंद्र तेथे सैन्य घेऊन गेले नाहीत; मिहिंतलेच्या टेकडीवर त्यांनी राजाला प्रश्न विचारले, त्याची बुद्धी पारखली आणि मग उपदेश केला. अनुलेला प्रव्रज्या हवी होती, ती देण्यासाठी थेरी संघमित्ता बोधिवृक्षाची शाखा घेऊन आल्या. अनुराधपुरास त्या वृक्षापुढे अवश्य नतमस्तक व्हा. परमपूज्य बाबासाहेबही १९५० मध्ये कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. परंतु त्यांनी आपणांस दिलेला धम्म बुद्धीच्या कसोटीवर घासलेला होता.

म्हणून सांगतो, एक पुराण सोडून दुसरे पुराण घरी आणू नका. मुलांना विजयाची कथा सांगा, तशीच कुवेणीचीही सांगा. आणि दीड माणसाचा हिशेब आला की त्यांना विचारा, उरलेली माणसे कोठे गेली? हा प्रश्न ज्या घरात विचारला जाईल, त्या घरात धम्म खऱ्या अर्थाने आला असे समजावे.

जय भीम!