वेशीबाहेरचे व्यापारी आणि शेतकऱ्याची जीभ

हल्लीं आमच्या खेड्यापाड्यांत ज्याच्या त्याच्या हातांत मोबाईल आहे, आणि फेसबुक-व्हॉट्सॲप म्हणजे गोरगरिबांस फुकट मिळालेली चावडी, असें पुष्कळांस वाटतें. वाटावें यांत नवल नाहीं. ज्याच्या आजास कुलकर्ण्याच्या दप्तरांत आपल्या नांवावर काय चढविलें आहे हें कळत नसे, त्यानें आपलें गाऱ्हाणें आपल्या बोटानें लिहून साऱ्या तालुक्यास दाखवावें, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु या चावडीचे मालक आमचे किती, हें पारखावयाचें असेल, तर ते आमच्या दारीं किती गोड बोलतात तें पाहूं नये. ज्या दारीं त्यांस आंत घेत नाहींत, तेथें त्यांनीं काय काय देऊं केलें तें पाहावें. तें दार चीन देशाचें.

उरुमची शहरांत २००९ च्या जुलैंत दंगा उसळला आणि चीन सरकारनें फेसबुक बंद केलें. ट्विटरवरही त्याच सुमारास कुलूप पडलें. तीं कुलुपें अजून निघालेलीं नाहींत. आंत शंभर कोटींवर गिऱ्हाईक. व्यापाऱ्याच्या तोंडास पाणी सुटणारच.

फेसबुकचे धनी मार्क झुकरबर्ग यांनीं मग जो खटाटोप केला, तो पाहून सोयरीक जुळवावयास निघालेल्या मुलीच्या बापाची आठवण होते. ते चिनी भाषा शिकले, आणि २०१४ च्या ऑक्टोबरांत बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठांत त्या भाषेंत बोलले. डिसेंबरांत चीनच्या इंटरनेट खात्याचे वरिष्ठ अंमलदार लू वेई त्यांच्या कचेरींत पाहुणे आले, तेव्हां अध्यक्ष शी जिनपिंग यांचें पुस्तक टेबलावर होतें. २०१६ च्या मार्चांत धुरानें कोंदलेल्या हवेंत ते तियानमेन चौकांतून हंसतमुखानें धांवले. ज्या चौकाच्या आसपास १९८९ सालीं सैन्यानें आपल्याच लोकांवर गोळ्या झाडल्या, तोच हा चौक. धांवतांनाचें चित्र त्यांनीं फेसबुकवर छापलें. म्हणजे त्या चौकांतील चिनी माणसास तें दिसण्याची सोय नव्हती!

इथवर हंसण्यासारखें आहे, पुढें हंसूं येत नाहीं. त्याच सालच्या नोव्हेंबरांत 'न्यू यॉर्क टाइम्स' पत्रानें प्रसिद्ध केलें कीं, फेसबुकनें आपल्या घरींच एक चाळण तयार केली आहे. ठराविक मुलुखांतील लोकांच्या नजरेस ठराविक मजकूर पडूंच नये अशी ती चाळण, आणि ती हालविण्याचें काम तेथील एखाद्या भागीदाराकडे सोंपवितां यावें अशी तिची घडण. आपण स्वतः गाळावयाचें नाहीं, गाळणाऱ्याच्या हातीं चाळण मात्र द्यावयाची. चीनमध्यें ती चालली नाहीं हें खरें. दारच उघडलें नाहीं. २०१८ च्या जुलैंत हांगचौ शहरांत फेसबुकच्या शाखेची नोंद झाली, ती सुद्धां लागलीच पुसली गेली.

पण त्या चाळणींतून कोण गळावयाचा होता? आमच्या वाचकांस हें वुकान गांवावरून कळेल. ग्वांगडोंग प्रांतांतील हें समुद्रकांठचें खेडें. गांवची जमीन अंमलदारांनीं परस्पर विकली, म्हणून २०११ सालीं सारें गांव उठलें. डिसेंबरांत त्यांचा एक पुढारी श्वे जिनबो पोलिसांच्या ताब्यांत असतां मेला. गांवानें अंमलदारांस हांकून लाविलें, पोलिसांनीं गांवास वेढा दिला. त्या दिवसांत चीनच्याच वेइबो या माध्यमावर 'वुकान' हा शब्द शोधूं जातां कांहीं हातीं लागेना. माणसाचें नव्हे, गांवाचें नांव गाळलें! पुढें २०१२ सालीं गांवानें मतदान करून आपली समिति निवडली. २०१६ च्या सप्टेंबरांत त्या समितीच्या वृद्ध पुढाऱ्यास लांचेच्या आरोपावरून तुरुंग मिळाला आणि पोलीस पुन्हा गांवांत शिरले. चाळणीची बातमी बाहेर आली ती यानंतर दोन महिन्यांनीं. परका व्यापारी वेशीबाहेर राहिला म्हणजे स्वदेशीचा जय झाला, असें मानणाऱ्यांनीं वुकान विसरूं नये. तेथें गाळणारा स्वदेशीच होता.

आंत शिरलेल्यांनीं तरी काय केलें? याहूनें पुरविलेल्या माहितीचा आधार घेऊन शी ताव या पत्रकारास २००५ सालीं दहा वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा काय, तर तियानमेनच्या वर्षदिनाविषयीं वर्तमानपत्रांस आलेला सरकारी हुकूम त्यानें परदेशीं कळविला. २००७ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळांत याहूच्या मुख्यांनीं त्याच्या आईपुढें मान लवविली. मुलगा सुटला तो २०१३ सालीं. गूगल २००६ सालीं शब्द गाळण्याचें कबूल करून आंत गेलें आणि २०१० सालीं बाहेर पडलें. तेवढा मान त्यास द्यावा. मात्र २०१८ सालीं पुन्हा तशाच गाळीव शोधयंत्राची तयारी बाहेर फुटली, तेव्हां विरोधास उभे राहिले ते त्याचेच हजारावर नोकर.

आतां आमच्या दाराकडे वळूं. २०१५ च्या डिसेंबरांत याच फेसबुकला भारतांत फुकट पण निवडक इंटरनेटची योजना चालवावयाची होती. सरकारी मंजुरी लोकमतावर अवलंबून होती. तेव्हां झुकरबर्ग यांनीं 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रांत लेख लिहिला आणि महाराष्ट्रांतील एका शेतकऱ्यास साक्षीस उभें केलें. तो म्हणे या योजनेवर पावसाचा अंदाज आणि मालाचे भाव पाहून सुधारला. (आमच्या शेतकऱ्याचे भाव कोठें ठरतात, हें त्यांस कोणी सांगितलें नसावें!) ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें मजकूर पाहून निरनिराळे दर लावण्यास मनाई केली, आणि योजना येथून उठली. पुढच्याच महिन्यांत मालक तियानमेन चौकांत धांवत होते. ज्या दारीं शेतकऱ्याचें नांव घेतल्यानें काम होतें, तेथें शेतकरी पुढें. ज्या दारीं शेतकऱ्याच्या आवाजाचें सरकारास भय, तेथें चाळण तयार!

हें दूरचें दुखणें आहे असें कोणी समजूं नये. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं, दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले असतां, सरकारी हुकुमावरून ट्विटरनें किसान एकता मोर्चाचें खातें इतर शेंकडों खात्यांबरोबर झांकलें. बोभाटा झाला आणि कांहीं तासांत तें उघडलें. म्हणजे कंपनीस नाहीं म्हणतां येतें. गिऱ्हाईक ओरडलें पाहिजे. पण ओरडावें तरी कशाच्या आधारावर? २००९ च्या नियमांप्रमाणें असले हुकूम गुप्त ठेवावयाचे असतात.

आमचें मागणें असें आहे कीं, ज्याचें तोंड बांधलें त्याच्या हातीं त्या हुकुमाची नक्कल पडावी, ती मराठींत असावी, आणि हुकूम मानण्यापूर्वीं कंपनीनें काय हरकत घेतली तेंही तींत लिहिलेलें असावें. सातबाऱ्याचा उतारा आम्ही मागून घेतों, तसा हाही मागणार.