व्यसन : संस्कारांचा दोष की आजार?

परवा रुमैथियात आमच्या घरी कोणाच्या तरी मुलाच्या व्यसनाचा विषय निघाला आणि ‘संस्कार कमी पडले’ असा निकाल लगेच लागला. मी संगणकातला माणूस, डॉक्टर नव्हे. तरी हे मला पटले नाही. कोकेनमुळे मेंदूतील पेशींदरम्यान डोपामिन साचते. वर्षानुवर्षांच्या सेवनाने ओढ लावणारा भाग आणि तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग यांतील संपर्क बिघडतो. ब्रेकची केबल सैल झाल्यावर नुसता उपदेश काय करणार? दुरुस्तीच हवी. व्यसन सुटले तर मेंदू बराच सावरू शकतो. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले ‘मुक्तांगण’ व्यसनाला आजार मानूनच उपचार करते. तेव्हा पालकांनो, अब्रूपायी लपवू नका. वेळीच डॉक्टरांकडे जा.