पोरगं आयटीत 'लागलं'? पेढे वाटण्याआधी करार वाचा

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याला पुण्यात एका मोठ्या कंपनीनं आयटी अप्रेंटिस म्हणून घेतलं. आयटीआयला कोपा ट्रेड, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा एक वर्षाचा कोर्स करून पास झालेलं पोरगं. भावानं गावात पेढे वाटले, व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवला. चार महिन्यांनी तोच भाऊ मला विचारतो, "दादा, नोकरी लागूनसुद्धा पोरगं घरनंच पैसे मागतंय. असं कसं?"

चूक पोराची नव्हती. चूक 'लागलं' या शब्दात होती. अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार, नोकरदार नव्हे. सध्या निकाल आणि प्रवेशाच्या गडबडीत आपल्या तालुक्यांतून बरीच पोरं-पोरी या वाटेनं निघालीत, म्हणून हा हिशेब मांडतोय.

कायदा काय म्हणतो

शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा. तेव्हा डोळ्यासमोर कारखाने होते, फिटर-वेल्डर होते. 2014 च्या दुरुस्तीनंतर नव्या ट्रेडना आणि इंजिनिअरिंग न केलेल्या पदवीधरांनाही दार उघडलं. आयटी, बँका, दुकानांच्या साखळ्या यांच्यात अप्रेंटिस दिसायला लागले ते त्यामुळं.

जिथं 30 किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथं एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. म्हणजे कंपनी पोराला घेते ती फक्त हुशारी बघून नाही, आकडाही भरायचा असतो. काही कंपन्या आकडा भरताना मन लावून शिकवतात. काही ठिकाणी मात्र स्वस्तातला हात म्हणून राबवून घेतात.

त्याच कायद्यात अप्रेंटिस हा कामगार मानलेला नाही. पीएफ नाही, ईएसआय नाही. वर्ष संपल्यावर कंपनीनं नोकरी द्यावीच असं बंधन नाही, आणि दिली तर पोरानं घ्यावीच असंही नाही. पण कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीवर आहे. शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही.

पैशाचा हिशेब

2019 च्या नियमांनी ठरलेलं किमान विद्यावेतन महिन्याला असं: दहावी पासला 6,000, बारावी आणि आयटीआयला 7,000, डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 9,000 रुपये. 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं यात 36 टक्के वाढ करावी, म्हणजे 5,000 ते 9,000 ऐवजी 6,800 ते 12,300 रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. कंपनी किमानपेक्षा जास्त देऊ शकते, पण तुमच्या पोराचा खरा आकडा तोच, जो करारावर लिहिलाय.

माझ्या पुतण्याला 8,000 ठरले. कॉट बेसिसवर खोली 3,500, मेस 3,000, बस-रिक्षा 1,000, मोबाइल-चहा-साबण 800. झाले 8,300. आजारपण नाही, सणाला गावाकडं येणं नाही, तरी 300 रुपये कमीच. वर पहिल्या महिन्यात खोलीचं डिपॉझिट, आणि विद्यावेतन महिना भरल्यावर. भावानं भाव यायची वाट बघत ठेवलेलं सोयाबीन त्यासाठी पडत्या भावात घातलं.

आणखी एक गोम. केंद्राच्या अप्रेंटिस प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 रुपयांचा वाटा सरकार थेट उमेदवाराच्या खात्यावर टाकतं. म्हणजे 8,000 मधले 6,500 कंपनीकडून, 1,500 सरकारकडून, वेगवेगळे. खातं आधारला जोडलेलं नसेल तर तो वाटा अडकतो. पुतण्याचे दोन महिने असेच गेले.

हा हिशेब एकट्या आमच्या घरचा नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. देशातल्या सगळ्यात मोठ्या 500 कंपन्या, महिना 5,000 आणि एकदाच 6,000 रुपये. ती वेगळी योजना, पण दुखणं तेच. पहिल्या फेरीत 82,000 च्या वर ऑफर दिल्या गेल्या, सुमारे 28,000 जणांनी होकार कळवला, आणि प्रत्यक्ष रुजू झाले 8,700 च्या आसपास. पोरं आळशी आहेत म्हणून असं होत नाही. परक्या शहरात 5,000 मध्ये राहायचं कुठं आणि खायचं काय, याचं उत्तर योजनेत नाही.

मग जाऊच नये का?

जावं. पण नोकरी म्हणून नाही, शिक्षणाचं एक वर्ष म्हणून. डिप्लोमाची फी भरतो, तसा या वर्षाचा खर्च घरानं आधी धरावा.

पुतण्याचं काम सुरुवातीला पासवर्ड बदलून देणं, प्रिंटर चालू करणं, नव्या माणसाला लॅपटॉप तयार करून देणं, कुठलं मशीन कोणाकडं आहे याची नोंद ठेवणं. तीन महिन्यांनी तक्रारींची तिकिटं सोडवायला बसवलं. इंग्रजीत मेल लिहायला शिकला, फोनवर घाबरायचा थांबला. वर्ष संपलं तेव्हा त्या कंपनीनं ठेवलं नाही. पण प्रमाणपत्र आणि अनुभव बघून दुसऱ्या एका ठेकेदाराकडं हेल्प डेस्कला घेतलं. आता घरनं पैसे मागत नाही. दर महिन्याला थोडे पाठवतो.

शेजारच्या गावातलं एक पोरगं दुसऱ्या ठिकाणी गेलं. त्याला सहा महिने झेरॉक्स आणि डेटा एंट्रीवर बसवलं. पोर्टलवर त्याचा करारच नोंदवलेला नव्हता, त्यामुळं प्रमाणपत्राचा प्रश्नच नाही. ते परत आलं आणि आता रानात आहे. रानात असणं वाईट नाही, मी पण रानातच आहे. पण सहा महिने आणि बापाचे चाळीस हजार गेले ते गेलेच.

दोघांत फरक कागदाचा होता. म्हणून जाण्याआधी एवढं बघा:

- करार सरकारी पोर्टलवर नोंदवलाय का? दहावी-बारावी, आयटीआयवाल्यांसाठी अप्रेंटिसशिप इंडिया, डिप्लोमा-पदवीवाल्यांसाठी नॅट्स. नोंदणीला पैसे लागत नाहीत. मागणारा एजंट असेल तर तिथूनच माघारी फिरा.
- करारावर ट्रेड कोणता, मुदत किती, विद्यावेतन किती, कामाचं ठिकाण कुठलं?
- शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे का?
- बँक खातं आधारला जोडलंय का?
- दोन-तीन महिन्यांचा खर्च घरात बाजूला आहे का?

तक्रार असेल तर आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्यांना भेटा. पोरगं लाजत असेल तर बापानं जावं.

आणि एक गोष्ट पुढाऱ्यांना. मेळावे भरवता, नियुक्तीपत्रं वाटताना फोटो काढता, चांगलं आहे. पण पत्र घेतलेली पोरं रात्रीच्या एसटीनं पुण्यात उतरल्यावर झोपतात कुठं, हेही एकदा विचारा. जिल्ह्याच्या पोरांसाठी तिथं एक साधं वसतिगृह झालं, तर भावासारख्या कित्येकांचं सोयाबीन पडत्या भावात जाणार नाही.