मागे चालणारा म्होरक्या

गेल्या भाद्रपदात आमच्या महाविद्यालयातील २१ मुलामुलींना घेऊन आम्ही कपिलधारच्या डोंगरात दोन दिवसांच्या पायी सहलीस गेलो होतो. पाठीवर ओझे घेऊन चालण्याचा प्रसंग त्यांतील एकावरही पूर्वी आलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी, पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर असताना, एका ओढ्यापासून आम्ही सर्वांना मागे फिरविले. या गोष्टीस आता वर्ष होत आले. परंतु आमच्या सहव्यवसायी बंधूंचे तिच्यावरील भाष्य काही संपत नाही. ‘पावसाची एवढी भीती होती, तर पावसात मुलांना नेले कशाला?’ हा एक प्रश्न. आणि ‘अशाने पिढी नेभळट होते’ हा त्याच्यावरचा निकाल. दोन्ही इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जातात की, त्यांचा जाहीर परामर्श घेणे आम्हांस भाग आहे.

प्रथम पावसाविषयी. आमचे टीकाकार सह्याद्रीवरील वर्णने वाचून बीडच्या पावसाची कल्पना करतात. बीड हा पर्जन्यछायेतला मुलूख. येथे वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरी तो ५००० च्या वर जातो. यावरून येथला पाऊस सौम्य असे अनुमान काढणाऱ्याने बालाघाटाचा एखादा ओढा भाद्रपदात पाहावा. आठ-आठ दिवस कोरडे जातात आणि मग एका दुपारी सारी थकबाकी वसूल होते. माळावर झाड नाही, खडकावर माती हातभर. पडलेले पाणी मुरावयास जागाच नसल्यामुळे ते सरळ ओढ्यात उतरते. डोक्यावर ऊन असताना वरच्या अंगाला पडलेल्या सरीचे पाणी खाली येऊन पोहोचते. गुडघाभर दिसणाऱ्या गढूळ लोंढ्यात तळाचा गोटा पायाखालून केव्हा निसटेल, हे पट्टीच्या पोहणाऱ्यासही सांगता येत नाही. पाठीवर भिजलेली सॅक असली म्हणजे तर विचारूच नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जीव गेले. तेही आरंभी पाण्याच्या मधोमध एका खडकावर उभेच होते.

आणि काळी माती! तिचा उल्लेख सहलीच्या वर्णनांत कोठेच आढळत नाही. शेताच्या बांधावरून अर्धा मैल चालले की प्रत्येक बुटाला शेर-दोन शेर चिखल चिकटतो. पहिल्या दिवशी मांजरसुंब्याहून निघालेली आमची पलटण दर शंभर पावलांवर थांबून काटकीने बूट खरवडीत होती. जी मुलगी सर्वांत शेवटी होती, तिच्या टाचेला फोड आला होता आणि ती सांगावयास लाजत होती. हे आम्हांस कळले ते केवळ आम्ही तिच्याही मागे चालत होतो म्हणून.

येथेच आमचा व टीकाकारांचा खरा मतभेद आहे. म्होरक्या म्हणजे जो सर्वांच्या पुढे, छाती काढून चालतो तो, अशी त्यांची समजूत. आमच्या मते नवख्यांच्या म्होरक्याची जागा शेपटाशी आहे. पुढे वाट जाणणारा एखादा गावकरी असला म्हणजे पुरे. हा विचार आम्ही विलायतेहून आणलेला नाही. एकनाथ महाराजांची पालखी पैठणहून निघून आपल्याच जिल्ह्यातील पाटोद्यावरून पंढरीस जाते. तिच्यातील दिंडी एकदा पाहावी. पावसात, चिखलात, पहिल्यानेच निघालेल्या म्हाताऱ्या कोताऱ्या तीत असतात, आणि दिंडीची चाल त्यांच्या पायांना साधेल अशीच ठेवलेली असते. आळंदीच्या सोहळ्यात तर संध्याकाळच्या समाजआरतीच्या वेळी कोणाचे काय हरवले, काय सापडले, हे सर्वांसमक्ष पुकारले जाते. दिवसअखेरीस हिशेब घेण्याची ही रीत ज्यांनी घालून दिली, त्यांना नेभळट म्हणण्याचे धैर्य आमच्या बंधूंनी करून पाहावे.

विलायतेचा दाखला हवाच असेल तर तोही आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबरो येथील शाळकरी मुलांची एक सहल स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पर्वतावर गेली. मुलांच्या दोन तुकड्या केल्या. अधिक अनुभवी शिक्षक तगड्या मुलांबरोबर गेला. कच्च्या मुलांची तुकडी एका वीस वर्षांच्या तरुणीकडे सोपविली. हिमवादळात सापडून या दुसऱ्या तुकडीतील पाच मुले व एक शिकाऊ मार्गदर्शक मरण पावले. बळ जेथे कमी तेथे जाणतेपण अधिक हवे, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब त्या दिवशी उलटा मांडला गेला होता. त्या मंडळींच्या धाडसाविषयी कोणीही शंका घेतलेली नाही.

आता ओढ्याकडे. आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत होते. पश्चिमेस गडगडत होते. काठावरच्या एका दगडावर आम्ही खूण केली व दहा मिनिटे बसलो. तेवढ्यात खूण बुडाली. तगडी सहा-सात मुले उतरावयास सिद्ध होती आणि ती बहुधा पार झालीही असती. मग काय? उरलेली चौदा अलीकडे, ही सात पलीकडे, आणि मध्ये चढते पाणी! आम्ही ‘मागे’ म्हणालो. एका मुलाने रागाने सॅक आपटली. त्याचा राग आम्हांस समजतो. उघड्या माळावर विजेच्या वेळी एकट्या झाडाखाली थांबावयाचे नाही, म्हणून अंतर राखून, सखल बाजूने, न बोलता सर्व उतरले. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी पोहोचल्यावर दोनदा मोजले: २१.

मुलांनी काही मिळविले नाही, असे म्हणतात. ओल्या लाकडांवर चूल पेटविणे, एक कोरडा कपड्यांचा जोड काहीही झाले तरी झोपेपर्यंत न उघडणे, दुसऱ्याचे ओझे त्याने न मागता वाटून घेणे, हे त्यांनी शिकले. पलीकडच्या काठावर काढलेले छायाचित्र मात्र नाही. टीकेचे मूळ पुष्कळसे येथे असावे, अशी आमची शंका आहे.

येत्या भाद्रपदात आम्ही पुन्हा जाणार आहोत. सॅक आपटणाऱ्या मुलाने या खेपेस सर्वांत प्रथम नाव दिले आहे. आक्षेपकांनीही अवश्य यावे. त्यांना शेवटच्या मुलाच्या मागे चालावे लागेल आणि दर तासाला डोकी मोजावी लागतील.