भीती गॅसची, धोका ऑक्सिजनचाही

उसाचा गळीत हंगाम जवळ आला की बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानांना उसंत नसते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरचे कारखाने सुरू होण्याआधी प्रत्येकाला ट्रॉली दुरुस्त करून हवी असते. लोखंड कापायला गॅस कटर असतो. त्याच्या एका नळीतून एलपीजी येतो, दुसरीतून काळ्या टाकीतला ऑक्सिजन.

एलपीजीला वास येतो, म्हणून त्याची भीती वाटते. ऑक्सिजनला वास नाही आणि तो तर प्राणवायू! म्हणून काही ठिकाणी मुले त्याच्या झोताने कपड्यांवरची धूळ उडवतात. हा खेळ जिवावरचा आहे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला जोर देतो. हवेत तो 21 टक्के असतो. हे प्रमाण थोडे वाढले तरी एका ठिणगीने कपडे भडकतात. कापडात तो काही वेळ साठूनही राहतो. भरलेल्या टाकीत सुमारे 150 बार दाब असतो. एवढ्या दाबाखाली रेग्युलेटरला लागलेले तेल किंवा ग्रीस ठिणगीशिवायही पेटू शकते. गॅरेजमध्ये हात तर कायम तेलकट असतात.

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की दुरुस्तीच्या खड्ड्यात साचतो. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडीने नव्हे. टाकीवर बर्फ धरला तर ती झेपत नाही एवढा गॅस आपण ओढतो आहोत, असे समजावे. तिला ज्योतीने शेकू नये. जास्त क्षमतेची व्यवस्था करावी.

नोझल तुंबले किंवा एका नळीतला दाब घटला, तर ज्योत नळीत उलटी शिरू शकते. ती अडवणारे फ्लॅशबॅक अरेस्टर दोन्ही नळ्यांना हवेत. त्यांची जोडी ट्रॉलीच्या एका नव्या टायरपेक्षा स्वस्त पडते. तरीही अनेक दुकानांत ती दिसत नाही.

अपघात झाला की ‘पोराने निष्काळजीपणा केला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण पोराला शिकवले कोणी? हंगामापूर्वी कारखान्यांनी आणि तालुक्याच्या आयटीआयने मिळून दुकानांची एकदा तपासणी करावी, मुलांना अर्धा दिवस शिकवावे. ट्रॉली घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्यानेही भाव विचारताना नळ्यांकडे एक नजर टाकावी. ऊस वेळेवर पोचायला हवाच. पण कटर धरणारा मुलगाही संध्याकाळी घरी पोचायला हवा.