काडी जप्त का केली?

बऱ्याच दिवसांत इथे काही खरडलं नाही. हळदीचं काम चालू होतं (नातेवाईक वाचकांना वेगळं सांगायला नको), आणि लिहायला बसावं इतकं डोकं तापलंही नव्हतं. परवा तापलं.

भाची एअर पिस्तूल शिकते. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण तिला पुन्हा तिथेच जायचं आहे. तिथलं सरावाचं पिस्तूल जुन्या पद्धतीचं. नळी बिजागरीवर खाली मोडायची, त्यात आतली स्प्रिंग दाबली जाते, मग नळीच्या मागच्या तोंडात छरा बसवायचा आणि नळी मिटवायची. दर गोळीला हेच. छरा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीचा टप्पोरा दाणा समजा. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. आकार डमरूसारखा: पुढून चपटा, कमरेत बारीक, मागचा घेर पोकळ आणि इतका पातळ की नखानंही वाकतो.

मागच्या महिन्यात तिला आणायला गेलो आणि पत्र्याच्या शेडमध्ये अर्धा तास नुसता बघत बसलो. बारा-तेरा वर्षांची पोरं. स्प्रिंग दाबायलाच दोन्ही हात लागतात, मग पिस्तूल पोटाशी धरून घामेजल्या चिमटीत तो दाणा पकडायचा. तो उलटा फिरतो. पडतो. पोरगी वाकते, आणि वाकताना नळी शेजारच्या मुलाच्या गुडघ्यावरून फिरते. स्प्रिंग ताणलेली, चाप बोटापासून दोन इंचांवर. त्या वेळी नळीत छरा नव्हता, हे कबूल. पण चाप चुकून ओढला गेला तर मोडलेली नळी सटकन मिटते, आणि भरणारं बोट नेमकं तिथंच असतं. पडलेला छरा फुंकून परत भरला जात होता ते वेगळंच. घेर वाकलेला छरा कुठे लागायचा तिथे लागणार, आणि बोलणी मात्र पोरीच्या मनगटाला!

घरी येऊन मी उदबत्तीची उरलेली काडी घेतली. बांबूचीच असते ती. टोकाला चिकटपट्टीचे दोन वेढे दिले, म्हणजे छऱ्याच्या पोकळ घेरात ती अलगद अडकते. जाड रबराच्या तुकड्याला भोकं पाडून छरे डोकं खाली, घेर वर असे ओळीनं उभे केले. काडी टोचायची, उचलायची, नळीच्या तोंडाशी न्यायची, हलकेच दाबायची. छरा कडेशी सपाट बसतो आणि काडी सुटते. चिमटीचं कामच नाही. दोन दिवसांत भाचीचे छरे पडायचे थांबले, आणि मुख्य म्हणजे नळी भरताना निशाणाकडेच राहायला लागली.

तिसऱ्या दिवशी सरांनी काडी जप्त केली. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "मामा, असे लाड केले तर निशाणा येत नसतो. आधी हाताला त्रास झाला पाहिजे. आम्ही असंच शिकलो."

इथे माझं डोकं तापलं. सर माणूस वाईट नाही, फी तर निम्म्या पोरांची घेतही नाही. पण हे "आम्ही असंच शिकलो" ऐकलं की मला आमच्या गावातली जुनी माणसं आठवतात. हळद शिजवायला कुकर आले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, कढईत चटके खाल्ल्याशिवाय रंग येत नाही. आज कढई काढा म्हटलं तर हेच लोक पळ काढतील.

मुळात अवघड काय आहे या खेळात? दहा मीटरवरचा दहा गुणांचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा. एका हातानं पिस्तूल धरायचं, श्वास थांबवायचा, चाप असा ओढायचा की नळीला कळूही नये. हे 60 वेळा, 75 मिनिटांत. एवढं अवघड पुरत नाही का, की त्यात चिमटीची सर्कस घालायची? आणि ज्यांनी हा खेळ घडवला त्यांनी तर भरणं सोपंच करत आणलंय. फाइनवेर्कबाऊ 65 ला बाजूचा दांडा ओढावा लागे, रशियन इझ-46 ला खालचा. मग सीओटू आला, मग 200 बारपर्यंत हवा भरलेला सिलिंडर. आता झाकण उघडा, छरा ठेवा, मिटवा. यामुळे कुणाचं पदक हलकं झाल्याचं ऐकलं नाही. उलट टोकियोत 2021 साली मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं. दुरुस्तीत मिनिटं गेली, 575 गुण, बारावा नंबर, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. मनगट तिचंच होतं. 2024 ला पॅरिसमध्ये त्याच प्रकारात ती कांस्य घेऊन आली.

अजून एक. पॅरा नेमबाजीत एसएच 2 हा गट आहे, ज्यांच्या हातांना बंदुकीचा भार पेलत नाही त्यांच्यासाठी. त्यांना स्टँड मिळतो आणि बंदूक भरून द्यायला मदतनीसही चालतो. म्हणजे भरणं वेगळं आणि नेम वेगळा, हे नियम करणाऱ्यांनीच मान्य केलंय. आमच्या तेरा वर्षांच्या पोरीला मात्र काडी चालत नाही!

सरांच्या एका मुद्द्याला मी मान देतो. भरण्याची एक लय असते, त्या वेळात मागची गोळी डोक्यातून काढायची असते. अगदी खरं. पण लय काडीनंही लागते. खाली वाकून छरा शोधण्यात कसली आलीय लय? "स्पर्धेत काडी हरवली तर?" असंही विचारलं त्यांनी. दोन न्याव्यात.

आणि जे बोलायचं राहिलं ते शिशाचं. छरे शिशाचे असतात. रामलीला मैदानावरच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात फुगेवाला गालात छरे धरून एकेक काढून भरताना मी लहानपणी पाहिलाय, आणि त्याची नक्कल म्हणून मीही तोंडात धरलेत (आई, आता रागावू नकोस). शिसं विष आहे, लहान मुलांना जास्तच. त्या शेडमध्ये दोन पोरं अजून छरे ओठात धरतात, कारण चिमटीला दोनच बोटं. सरावानंतर हात धुवायला साबणही नव्हता. तो मी नेऊन ठेवला. साबण जप्त झाला नाही, एवढीच प्रगती.

असो. काडी सरांच्या ड्रॉवरमध्ये आहे. भाचीनं कंपासपेटीतून दुसरी नेली, आणि आता तिच्या मैत्रिणींच्या पाच काड्यांची ऑर्डर आली आहे. वैनीच्या देवघरातला उदबत्तीचा पुडा भराभर का संपतोय, हे इथे वाचून कुणी तिला फोन करू नये.