खिळे ओतणारा माणूस औषधाकडे वळतो तेव्हा : शंकर आबाजी भिसे

१/
तंत्रज्ञानातील उत्तम कारकीर्द सोडून होमिओपॅथीचा, किंवा अन्य एखाद्या औषधाचा, प्रचार करणारी माणसे आपल्याकडे नवी नाहीत. “एवढा बुद्धिमान अभियंता सांगतो, म्हणजे तथ्य असणारच,” हे वाक्य कोल्हापुरातही कानी पडते. या युक्तिवादाची पारख एका थोर मराठी संशोधकाच्या चरित्रावरून करू. 🧵

२/
शंकर आबाजी भिसे. जन्म २९ एप्रिल १८६७, मुंबई. ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे नियतकालिक वाचत त्यांनी यंत्रविद्या आत्मसात केली. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याने त्यांना लंडनच्या एका स्पर्धेत यश मिळवून दिले. पुढे ते लंडनला गेले आणि दादाभाई नौरोजींचा आधार त्यांना लाभला.

३/
त्या काळी छपाई म्हणजे शिशाचे खिळे. भिशांनी खिळे ओतणारे ‘भिसोटाइप’ यंत्र घडवले. मिनिटाला १,२०० खिळे पाडण्याची त्याची क्षमता सांगितली जाई. परंतु लायनोटाइप आणि मोनोटाइप यांनी बाजारपेठ आधीच व्यापली होती. जमशेटजींचे पुत्र रतन टाटा यांनी भांडवल पुरवले, तरीही यंत्राच्या गुणवत्तेला साजेसे व्यापारी यश मिळाले नाही.

४/
भिसे अमेरिकेला गेले. तेथे त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हटले जाऊ लागले. आयुष्याच्या उत्तरार्धात मात्र त्यांचे नाव एका औषधाशी जोडले गेले : आयोडिनयुक्त ‘अ‍ॅटोमिडाइन’. समाधी अवस्थेत रोगनिदान सांगणारे एडगर केसी यांनीही ते नानाविध व्याधींवर सुचवले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये भिशांचे निधन झाले.

५/
आयोडिन हे काही थोतांड नव्हे. १८११ साली सापडलेले हे मूलद्रव्य गलगंडावर आणि जखमेच्या निर्जंतुकीकरणासाठी उपयोगी ठरले आहे. पण काही ठरावीक विकारांवर उपयुक्त असणे वेगळे आणि असंख्य व्याधींवर चालणे वेगळे. ते अंतर केवळ संशोधकाच्या कीर्तीने भरून निघत नाही.

६/
याचे कारण यंत्र आणि देह यांच्या भेदात आहे. आपल्या उद्यमनगरातील कोणत्याही फाउंड्रीत विचारा : कास्टिंगमध्ये ब्लोहोल राहिला, तर तो मशिनिंगच्या वेळी उघडा पडतो. सदोष ओतकाम आपोआप दुरुस्त होत नाही. देह मात्र बहुधा होतो. सर्दी उतरते, ताप ओसरतो, सांधेदुखी महिनाभर शांत राहते. आणि त्या वेळी जे औषध चालू असेल, ते श्रेय घेऊन जाते.

७/
होमिओपॅथीचा उगमही अशाच व्यक्तिगत अनुभवात आहे. १७९० साली सॅम्युएल हानेमान या जर्मन वैद्याने स्वतः सिंकोनाची साल घेतली. मलेरियासारखी लक्षणे जाणवल्याचे त्याने नोंदवले आणि त्यावर समलक्षणांचा सिद्धांत उभा राहिला. पुढे विरलीकरण आले. ‘३०’ शक्तीच्या (३० सी) औषधात मूळ द्रव्य १०० पटींनी ३० वेळा विरल केलेले असते. त्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता व्यवहारात शून्य.

८/
परीक्षेचे साधन नव्हते काय? होते. १८३५ साली न्यूरेम्बर्ग येथे काहींना होमिओपॅथीच्या रीतीने विरल केलेले मीठ आणि काहींना नुसते शुद्ध पाणी देण्यात आले. कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यांनाही नव्हते. बहुसंख्यांना काहीच जाणवले नाही. १९४८ साली ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे गट पाडून तुलना करण्याचा आदर्श घालून दिला. त्याआधी १३ वर्षे भिसे निवर्तले होते.

९/
म्हणून भिशांबाबत निवाडा सौम्य असावा, आपल्याबाबत कठोर. आपल्या हाती हे साधन आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही विकाराबाबत नाही, असा निष्कर्ष तिने काढला.

१०/
यावर उत्तर येते : “पण डॉक्टर तासभर ऐकून घेतात, बरे वाटते.” ते खरे आहे, आणि घाईच्या दवाखान्यांनी त्यातून शिकावे. पण दिलासा म्हणजे उपचार नव्हे. मधुमेहाचे इन्सुलिन थांबले, कर्करोगाची शस्त्रक्रिया लांबली, तर किंमत रुग्ण मोजतो. ज्या अभियंत्याच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला, त्याला त्याची झळ लागत नाही.

११/
कारकीर्द बदलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तिच्यातून मिळालेला अधिकार मात्र सोबत नेता येत नाही. भिशांचे पहिले यश होते तोलण्याचे यंत्र. असे यंत्र दुकानदाराची पदवी विचारत नाही, गिऱ्हाइकाची श्रद्धाही विचारत नाही. माल किती आहे तेवढेच सांगते. इतिहासाच्या अभ्यासकांनी थोर माणसांचे दावेही त्याच तराजूत घालावेत. भिशांविषयीचा आदर त्याने कमी होत नाही.